वर निखारे, खाली निखारे
(नवी मुंबईतील एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

रसिकहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरचं साधं जेवण’. वरणभाताची महती या सभागृहात कुणाला सांगायला नको. मला बोलायचंय भाजण्याबद्दल. केक म्हटला की आपण म्हणतो, ती बेकरीवाल्याची विद्या; आमच्याकडे कुठला ओव्हन! मला हे अजिबात पटत नाही. कोकणातल्या आज्या धोंडस, म्हणजे काकडीचा केकच, कशात करायच्या? तवसाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं टोपात घालायचं. खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. पाठारे प्रभूंचं भानोलंही असंच दोन्हीकडून भाजलं जाई. ओव्हन म्हणजे तरी दुसरं काय असतं हो? (टाळ्या)

आपलं हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. त्यापुढचं, म्हणजे भूसंपादन, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील, जमिनीच्या मोबदल्यासाठीचं १९८४चं आंदोलन, हे इथल्या काहींनी स्वतः सोसलंय. मी नव्यानं काय सांगणार? पण त्याच १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आलं. आई-सासू जवळ नसलेल्या घरात ते पुस्तक वडीलधाऱ्या बाईसारखं नांदलं. आमच्या प्रतीची पानं हळदीनं पिवळी झाली आहेत. पण भाकरी काही मला पुस्तकातून आली नाही.

कोपरखैरण्यात राहायला आल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात आमच्या घरच्या मंडळी टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला खिळल्या. मुलं लहान. गावठाणातल्या एक आगरी आजी आमच्या दारावर मासळी घेऊन यायच्या. त्यांनी माझी परात पाहिली. भाकरी कडेनं फाटलेली, मधे जाड. टोपली खाली ठेवली, हात धुतले आणि आत आल्या. उकडीत बोट घालून म्हणाल्या, “पाणी कढलाच नाय. घाय नको करू, पोरा.”

मग त्यांनी पहिल्यापासून दाखवलं. वाटीभर पाणी, वाटीभर पीठ, चिमूटभर मीठ. पाणी खळखळलं की पीठ घालायचं, गॅस बंद, वर झाकण. गव्हाच्या कणकेसारखा ताण तांदळाच्या पिठात नसतो. उकळत्या पाण्यानं पीठ शिजतं, तेव्हाच ते एकजीव होतं. उकड गरम असतानाच पाण्याच्या हातानं मळायची. आजींनी पोळपाट नको म्हटलं आणि दोन तळव्यांत भाकरी फिरवत मोठी केली. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवलं, ते सुकायच्या आत उलटली. मग आतल्या पाण्याची वाफ झाली, पापुद्रा सुटला आणि भाकरी टम्म फुगली! मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या चार दिवस रोज आल्या. पैशांचं नाव काढलं तर रागावल्या. पाचव्या दिवशी माझी भाकरी फुगली ती मी आधी आजींना दिली. त्यांनी ती नुसतीच, उभ्या उभ्या खाल्ली.

चिठ्ठी आलीये: ‘बायकांना पुन्हा चुलीपुढे बसवताय का?’ (हशा) नाही हो, ताई. हे मी पुरुषांना उद्देशून बोलतोय. ज्याला भूक लागते त्याला भाजता यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हे मी तीस वर्षं रोज करतोय, व्याख्यानापुरतं नाही.

तर, जे भाकरीचं तेच रव्याच्या केकचं. दह्याचा आंबटपणा आणि खायचा सोडा भेटले की वायू सुटतो. आच बेताची असेल तर त्या बुडबुड्यांभोवती रवा धरतो, केक जाळीदार होतो. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. दहा मिनिटं आधी तापवा, मग केकचं भांडं स्टँडवर ठेवून मंद आचेवर पाऊण तास. अर्ध्या तासाच्या आत झाकण उघडू नका. वाफ गेली की केक बसतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. नऊला सभागृह रिकामं करायचंय. म्हणजे नानकटाई राहिली. पूर्वी लोक घरचं तूप, पीठ, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर ती भाजून आणत. त्याला वेगळी संध्याकाळ हवी. पण शेगडी मी घेऊन आलोय आणि आयोजकांनी परवानगीही दिलीय. पिठाचा डबा त्या टेबलाखाली आहे. पाणी ठेवा कुणीतरी. खळखळू द्या, आधी पीठ घालू नका. आणि रांगेत पहिल्यांदा पुरुष या.