बंधुतेची वर्गणी

(हुणसूर इथं पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर कन्नडमध्ये केलेलं भाषण. मराठी मजकूर माझाच.)



हुणसूरमध्ये बोलायचं तर देवराज अर्स यांचं नाव आधी घ्यावं लागतं. तुमच्याच तालुक्यातला हा माणूस मुख्यमंत्री झाला आणि 1972 मध्ये त्यांनी हावनूर आयोग नेमला. आरक्षणानं कॉलेजचं दार उघडलं. पण पदवी हातात आल्यावर ओळखी कुठून आणायच्या?

अमेरिकेत यासाठी संघटना आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी 1904 मध्ये 'अल्फा काप्पा साय' काढली, 1907 मध्ये 'डेल्टा सिग्मा पाय'. 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथं मुलींना प्रवेश नव्हता. आता मुलंमुली दोघंही असतात. सत्राच्या सुरुवातीला गप्पा, मुलाखती, मग कुणाला घ्यायचं ते जुने सदस्य ठरवणार. निवडलेल्यांनी काही आठवडे उमेदवारी करायची, वर्गणी भरायची. बदल्यात बायोडाटा लिहायला शिकवतात, मुलाखतीचा सराव घेतात, आणि मोठ्या कंपनीतल्या माजी सदस्याचा फोन नंबर मिळतो. खरी किंमत त्या नंबरची. अशा संघटनेला म्हणतात फ्रॅटर्निटी. आपल्या उद्देशिकेत त्याच शब्दाला बंधुता म्हटलंय!

बाबासाहेब 1913 मध्ये त्याच न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. परतल्यावर मुंबईत त्यांनी शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. जात कळली आणि गिऱ्हाईकं तुटली. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर केली. ज्ञानात कुठं कमी होती?

आता जवळचं सांगते. एम.ए.ला असताना माझी रूममेट एम.कॉम. करत होती. तिच्या विभागात असाच एक बिझनेस क्लब होता. मुलाखतीत तिला विचारलं, "घरचा बिझनेस कोणता?" वडील गवंडी. ती म्हणाली, "कन्स्ट्रक्शन." तिची निवड झाली. क्लबच्या वार्षिक कार्यक्रमाला सगळ्यांचे पालक आले, तिनं वडिलांना कळवलंच नाही. तिला विचारूनच हे सांगतेय. ती म्हणाली, सांग, पण मी खोटं बोलले नव्हते हेही सांग.

आपल्याकडेही जुनी रीत आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' काढली. पण ती धंद्यात उतरलेल्यांसाठी. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीनं कुणाला फोन करायचा?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तुमच्या हॉस्टेलमधून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाचं नाव, काम आणि नंबर त्यांना विचारून एका वहीत उतरवा. बँकेत कारकून असो की दुकानात हिशेबनीस, सगळ्यांचं. वही बघायला मुलाखत नाही, वर्गणी नाही. आणि बैठक मुलांच्या हॉस्टेलवर रात्री नको, मुली येऊ शकत नाहीत. रविवारी दुपारी तीनला, वाचनालयात.

वही मी आणलीय. पहिलं पान कोरं आहे.