रक्तातील कार्निटीन आणि आपली लेकरे
(दिंडोशी येथे वर्षावासानिमित्त दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव अवघड आहे, पण गोष्ट घरातलीच आहे. अंगावर पिणारे, दिसायला धडधाकट बाळ असते. साधा ताप येतो, दिवसभर ते दूध घेत नाही, उलट्या होतात, मग सुस्त पडते, झटके येतात. वस्तीत कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते बाहेरची बाधा. बाळ गेले तर दोष आईच्या माथी, आणि पुढचेही तसेच गेले तर त्या बाईला काय काय ऐकावे लागते हे आपण जाणतो. रमाईंची पाचांपैकी चार लेकरे गेली, राजरत्न १९२६ साली गेला. लेकरू जाण्याचे दुःख आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला तो कारणाशिवाय कार्य नाही असे सांगणारा आहे. प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही आज अशाच एका कारणाविषयी बोलणार आहोत.

पोट रिकामे राहिले आणि रक्तातील साखर उतरली की शरीर चरबी जाळू लागते. ही चूल पेशीच्या आत असते, तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. चरबीतील लांब साखळीची मेदाम्ले तिथे आपली आपण शिरत नाहीत. त्यांना आत नेणारा हमाल म्हणजे कार्निटीन. १९०५ साली ते मांसाच्या अर्कात सापडले, म्हणून मांसाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. मांसात ते भरपूर, दुधात थोडे. यकृत आणि मूत्रपिंडेही ते तयार करतात. त्यामुळे शाकाहारी घरांनी घाबरू नये.

या हमालाचे दुसरे काम तपासणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. एखादे विकर जन्मतः नसेल तर अर्धवट जळलेली आम्ले साचतात. कार्निटीन त्यांना धरून बाहेर काढते आणि त्यात स्वतःही खर्च होते. म्हणून रक्तात मोकळे कार्निटीन किती आणि बोजा घेतलेले किती, हे दोन्ही मोजतात. बोजा कोणता यावरून आजाराचा माग लागतो. आठ कार्बनचा बोजा वाढला तर एमकॅड या विकराची उणीव, तीनचा वाढला तर प्रोपिऑनिक किंवा मिथिलमॅलोनिक आम्लाचा विकार, असा संशय घेता येतो.

नमुना घेणे सोपे. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावर घेतात, उन्हात न ठेवता सावलीत वाळवतात आणि पाठवतात. टँडम मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंना वजनावरून ओळखते. या कामी ते वापरण्याची रीत १९९०च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात बसवली गेली. यंत्राला एका नमुन्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. मोकळे कार्निटीन साधारणतः लिटरमागे २० ते ५० मायक्रोमोल असते. काही मुलांत ते ५च्याही खाली जाते, कारण त्यांची मूत्रपिंडे ते राखू शकत नाहीत, लघवीवाटे सांडून टाकतात. अशा मुलाचे हृदय अशक्त होऊन फुगते. आणि उपाय काय, तर कार्निटीनचेच औषध, तोंडावाटे, जन्मभर! वेळेत सुरू केले तर हृदय पुन्हा सावरते. एमकॅडच्या मुलाला तर मुख्यतः उपाशी ठेवायचे नाही, आणि आजारात खाणे सुटले तर लगेच रुग्णालयात ग्लुकोज लावून घ्यायचे.

मात्र एका आकड्यावर निदान होत नाही. लघवीतील सेंद्रिय आम्ले आणि पुढे जनुक तपासावे लागते.

हे बहुतेक आजार आई आणि वडील दोघांकडून मिळून येतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक अशी शक्यता असते. एकट्या आईला बोल लावणाऱ्यांनी हे गणित पाहावे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या चालीमुळे दोघे वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, हे तरुणांना स्पष्टच सांगतो.

गोव्यात सरकारने २००८ साली नवजात बालकांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे ती आपोआप होईल असे धरून बसू नये, मागावी लागते. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात परळचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमले गेले. दिंडोशीहून गोरेगाव आणि तेथून धीम्या लोकलने प्रभादेवी, एवढाच प्रवास.

जाताना पूर्वी दगावलेल्या भावंडांची माहिती लपवू नका. फिट्सचे व्हॅलप्रोएट औषध चालू असेल तर सांगा, त्यानेही कार्निटीन उतरते. शक्यतो आजार चालू असतानाच, कार्निटीनचे औषध देण्यापूर्वी नमुना घ्यावा. आणि तान्ह्या बाळात कार्निटीन कमी आढळले तर आईचेही रक्त तपासून घ्या. पहिल्या दिवसांत बाळाच्या रक्तात आईकडून आलेले कार्निटीन असते, आणि बाळाच्या कागदावरून आईचाच आजार प्रथम कळला, असेही घडलेले आहे.