म्हातारपणाचे वजन

परिचारिका भगिनींनो, आशाताईंनो, वृद्धाश्रमांत आणि पुनर्वसन केंद्रांत राबणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

वृद्धसेवेविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण आज मी एकच काम तुमच्यापुढे मांडणार आहे : आपल्याकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या वजनाची नोंद. प्रवेशाच्या वेळी अर्जावर एक आकडा लिहिला जातो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे तोच राहतो. माणूस मात्र झिजत जातो.

वजनाचे मोल चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांना नवे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. थोडेफार शिकलेल्या गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या, झोळीत घालून बाळ तोलू लागल्या, वहीत लिहू लागल्या. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. जंतुसंसर्गावर घरातच केलेले उपचार हा त्या कामाचा कणा होता, पण कोणते बाळ जोखमीचे हे कळायला काटाच लागला. २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच वाटेने बाळाच्या घरी जातात. जन्मलेल्या जिवासाठी जे आपण इथे करून दाखवले, ते मावळत्या वयासाठी का करू नये?

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर नर्सिंग होममधल्या प्रत्येक रहिवाशाचे ठरावीक साच्यात मूल्यमापन करावे लागते. त्यात वजनाबद्दल थेट प्रश्न असतो : एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरले का? उतरले असेल, तर ते डॉक्टरांनी ठरवून उतरवले की आपोआप उतरले? आपल्याकडे तसा कायदा नसला, तरी हे प्रश्न आपल्या वहीत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन मुदती कशासाठी, हे नीट समजून घ्या. ४८ किलोच्या आजी एका महिन्यात ४५.५ वर आल्या, तर ५ टक्क्यांची रेषा ओलांडली गेली आणि आपण जागे झालो. पण त्यांचे वजन दर महिन्याला एकेक किलोने उतरत गेले, तर कोणत्याही एका महिन्यात ती रेषा ओलांडली जात नाही. सहा महिन्यांनी त्या ४२ वर येतात. साडेबारा टक्के गेले! फक्त मागच्या महिन्याशी ताडून पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून एका माणसाची वर्षभराची वजने एकाच ओळीत हवीत, महिन्यामहिन्याची वेगवेगळी पाने नकोत.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. काटा तोच, जागा सपाट, वेळ सकाळी न्याहारीच्या आधी, लघवी झाल्यावर, कपडे हलके. आकडा एकदम दोन किलोंनी वर-खाली दिसला, तर लगेच पुन्हा तोलायचे. उभे राहता येत नसेल, तर खुर्चीचा काटा. तोही नसेल, तर दंडाचा आणि पोटरीचा घेर टेपने मोजून लिहायचा. ‘उभे राहत नाहीत’ असे लिहून रकाना मोकळा सोडणे मला मान्य नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगातून बरी झालेली अनेक माणसे या भागात म्हातारी झाली आहेत. कुणाची बोटे गेलेली, कुणाचा पाय. गुडघ्याखालचा पाय म्हणजे शरीराच्या वजनाचे सुमारे ६ टक्के, म्हणून उंची-वजनाच्या कोष्टकात असा माणूस उगाच खंगलेला दिसू शकतो. एका महिन्यात कृत्रिम पाय आणि एमसीआरची (मऊ सूक्ष्मछिद्री रबराची) चप्पल घालून तोलले आणि पुढच्या महिन्यात काढून, तर फरक माणसाचा की चपलेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. काय घालून तोलले, ते आकड्याशेजारी लिहा. चमच्याची जाड मूठ तुटली, म्हणूनही बोटे नसलेल्या माणसाचे जेवण कमी होते. ही कारणे जेवणाच्या पंगतीत दिसतात, म्हणून वाढणाऱ्या बाईंना विचारल्याशिवाय मूल्यमापन पुरे होत नाही.

वजन उतरण्याची इतर कारणेही आपल्या मातीतली आहेत. वर्षानुवर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन ज्यांचे तोंड उघडत नाही, त्यांना भाताचा घासही जड जातो. तोंडातला कर्करोग त्याच वाटेने येतो. क्षयरोग तर आहेच. झारखंडमधल्या ‘राशन्स’ अभ्यासात, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्या क्षयरुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. दात, मधुमेह, थायरॉइड, औषधांमुळे मेलेली भूक आणि लेकराबाळांची वाट पाहून आलेली उदासी, ही सगळी त्याच एका आकड्यातून बोलतात. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंग धरले म्हणून समाधान मानू नका. पावलांवर बोट दाबून सूज पाहा, हृदय किंवा मूत्रपिंड थकले असेल.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण जाणतो. म्हणूनच तिथल्या आजोबांचे उतरते वजन पावसाळ्याआधी दिसायला हवे. रस्ता बंद झाल्यावर दिसून उपयोग नाही.

आकड्यापुढे कारण आणि निर्णय लिहिला नसेल, तर ती नोंद मी अपुरी मानतो. आहारात काय बदलले, डॉक्टरांना कधी कळवले, पुन्हा कधी तोलणार, खाली सही कुणाची, एवढे हवेच. घरच्यांनाही कळवा.

दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे माझी मागणी आहे : प्रत्येक वृद्धाश्रमाला एक भरवशाचा काटा आणि एक खुर्चीचा काटा द्या, आणि तपासणीला याल तेव्हा सर्वांत आधी वजनाची वही मागा. तुम्हाला माझी विनंती अशी की, त्या काट्याची वाट पाहू नका. येत्या १ तारखेला प्रत्येकाला तोला, मागचा आकडा शोधून शेजारी लिहा, आणि ज्यांचे वजन उतरले आहे त्यांची नावे त्याच दिवशी डॉक्टरांच्या हाती द्या.