सर गप्प बसले की पोरांना वाटतं, नेट गेलं

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज मी स्वतः घातलेला एक घोळ सांगतो.

जून २०२०. बीटेक होऊन वर्ष झालेलं, वर्क फ्रॉम होम, मुक्काम गावी. माझ्या जुन्या शाळेतून फोन आला, "तू कॉम्प्युटरवाला ना? आमच्या शिक्षकांना ते झूम शिकव." म्हटलं, त्यात काय! दोन तासांचं ट्रेनिंग, ५४ स्लाइड्स. हे बटण, ते बटण, वेटिंग रूम, ब्रेकआउट रूम. सगळे शिक्षक म्यूटवर. "कळलं का?" विचारलं की स्क्रीनभर अंगठे. मी खूश.

तिसऱ्या दिवशी माझ्याच गणिताच्या सरांचा नववीचा तास. वेटिंग रूममध्ये हेडसरांचं नाव दिसलं, सरांनी आत घेतलं. कोण नाही घेणार? तो निघाला बाहेरचा कुणीतरी. माइकवर अचकट विचकट सुरू झाला, मग बाकीचेही. सरांना म्यूट सापडेना. घाबरून त्यांनी लाल बटण दाबलं, पण 'एंड'ऐवजी 'लीव्ह'. झूमने विचारलं, आता होस्ट कोण? सरांनी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. झालं! सर समजले तास संपला, आणि इकडे वर्ग एका पोराच्या हातात. त्याने स्क्रीन शेअर करून गाणी लावली. शेजारी बसलेले पालक ऐकतायत. रात्री त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत होता.

सर म्हणाले, "उद्यापासून मी फक्त पीडीएफ टाकणार."

मी मास्क लावून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. सॉरी म्हणायला गेलो होतो. ते म्हणाले, "वर्गात गोंगाट झाला की मी काय करायचो, आठवतं?" आठवतं ना! खडू खाली ठेवून गप्प उभे राहायचे. दहा सेकंदांत सगळे चिडीचूप. "इथं गप्प बसलो तर पोरं लिहितात, सर, आवाज येत नाही."

तिथे माझी ट्यूब पेटली. सरांना वर्ग सांभाळता येत होताच, फक्त त्यांची हत्यारं इथे चालत नव्हती. आणि मी ५४ स्लाइड्समध्ये फक्त बटणं दाखवली होती.

दुसरं ट्रेनिंग सहा-सहा जणांचं घेतलं. एकाने दहा मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी आपापल्या मोबाइलवर विद्यार्थी व्हायचं आणि मनसोक्त त्रास द्यायचा. मी नाव बदललं, बोर्डावर रेघोट्या मारल्या, घरचा मिक्सर लावला. सगळ्यात वात्रट निघाल्या मराठीच्या बाई. दर मिनिटाला, "सर, आवाज तुटतोय!" हसून हसून पुरेवाट. पण त्या गोंधळातच 'सिक्युरिटी'खालचे पर्याय सगळ्यांच्या बोटात बसले. तास 'एंड' करायची प्रॅक्टिस प्रत्येकाकडून तीनदा करून घेतली. नावाआधी रोल नंबर नसेल तर आत घ्यायचं नाही, हेडसरांनाही नाही. त्यांनी आधी फोन करावा.

आणि पहिल्यांदाच शिक्षकांनी आपला वर्ग पोराच्या बाजूने पाहिला. सर म्हणाले, "ही गणितं मलाच वाचता येत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून दोन बाजूंना स्टीलच्या डब्यांची चळत, वर आडवा फोन, खाली वही आणि जाड स्केचपेन.

गप्प उभं राहण्याला पर्याय मात्र सरांनीच शोधला. "उत्तर टाइप करा, पण मी 'हं' म्हणेपर्यंत पाठवायचं नाही." पोरं बोट उचलून थांबलेली. मग चॅट फक्त होस्टला दिसेल असं करून दिलं. कॉपी बंद झाली, आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी दोन पोरं रोज बरोबर उत्तरं पाठवायला लागली.

ज्यांच्या घरचा एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जायचा, त्यांच्यासाठी माझ्या ट्रेनिंगमध्ये काहीच नव्हतं. जुलैमध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त चार तास, प्रत्येक ३० ते ४५ मिनिटांचा. दीड जीबी डेटा आणि घरात शिकणारी तीन भावंडं असली की तेही बसत नाही. सर त्या पोरांना वहीचे फोटो आणि पाच मिनिटांची व्हॉइस नोट टाकायचे, आणि रात्री आठनंतर साधा फोन करायचे. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं.

हां, आणि तो होस्ट झालेला पोरगा! सर त्याला रागावले नाहीत. हजेरीचं काम दिलं. पहिल्याच दिवशी त्याचा चॅटमध्ये मेसेज, "सर, रोल नंबर १७ दोनदा आलाय."