संशय घरातलाच

धानाची कामं घरच्यांवर सोपवून वैनगंगेच्या दोन्ही अंगांनी करडीला आलेल्या वाचकहो,

संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्याच्या भवितव्याची चिंता वाहावी, अशी रीत आहे. ती मी आज मोडतो. वाचनालयात ज्या पुस्तकांचे कोपरे खरोखर मळतात, त्यांच्याबद्दल बोलतो. एक मानसशास्त्रीय थरारकथा, दुसरी घरसंसाराची कादंबरी. जाणकार पहिलीला टाइमपास म्हणतात आणि दुसरीला रडकी. मला विचाराल तर मराठीत या दोघी सख्ख्या बहिणी आहेत.

झाडीपट्टीच्या माणसानं तरी कौटुंबिक कथेला नाक मुरडू नये. वडशाच्या नाटक मंडळ्यांनी याच कथांवर रात्री जागवल्या. त्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहराला आपली आठवण झाली! दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेत रात्री भावाभावांचं भांडण पाहायला माणसं पहाटेपर्यंत बसतात. शेवट काय होणार, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कोण कधी तोंड उघडेल, हे मात्र ठाऊक नसतं. थरार तिथेच असतो.

आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. घरचे कर्ते तात्याजी गेलेत, तेरवीला पैसा नाही, दारात ट्रॅक्टर गंजतोय. घरात पिढीजात सोनं आहे, पण ते नेमकं कोणाचं? रात्री वहिनी ते दागिने अंगावर घालून पाहते, तो प्रसंग आठवा. तिथे खून नाही, पोलीस नाहीत. तरी छाती धडधडते. कारण आता त्या घरातल्या कोणाच्याच बोलण्यावर आपला भरवसा उरलेला नसतो. पुढे तेच सोनं घेऊन वहिनीची लेक रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळते. रहस्यकथेचे सगळे सांधे इथे आहेत, फक्त पाटी नाटकाची आहे.

आता बाहेरचं उदाहरण. गिलियन फ्लिन यांची ‘गॉन गर्ल’ 2012 साली आली आणि जगभर वाचली गेली. बायकोची डायरी वाचत आपण निम्मी कादंबरी ओलांडतो, आणि मग कळतं की डायरी बनावट होती. युक्ती झकास आहे. मात्र तिची नक्कल करताना आपले काही लेखक शेवटच्या प्रकरणात कोणाला तरी ‘मनोरुग्ण’ ठरवून मोकळे होतात. मला हा सरळ आळस वाटतो. जयवंत दळवींनी ‘बॅरिस्टर’मध्ये घराण्यातल्या वेडाची भीती मांडली, पण वेडाला खलनायक केलं नाही. करणी-भुताटकीवर सगळं ढकलणं हाही तसलाच आळस. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला. कथेत मात्र मांत्रिक अजून बिनबोभाट नांदतो.

मग आपल्या थरारकथेचा माल कुठे आहे? सातबाऱ्यावर. लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्रानं 1994 साली दिला, देशानं 2005 साली. त्यानंतर भाऊबीजेला एक नवाच रंग आला. बहिणीला मंडईला बोलावतात. ओवाळणीत नेहमीपेक्षा भारी लुगडं निघतं. वहिनी स्वतः पाटावर बसवून वाढते. दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता भाऊ म्हणतो, “बाई, मोहाडीला जाऊन येऊ, एक सही आहे.” हक्कसोडपत्र तयारच असतं. ती सही करते. माया म्हणून करते, माहेर तुटेल या धाकानं करते, की तिनं मनात वेगळंच काही ठरवलेलं असतं? भावाच्या तोंडून ही गोष्ट लिहा, ती त्यागाची होईल. बहिणीच्या तोंडून लिहा, ती फसवणुकीची होईल. आणि हे सारं मुकाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या तोंडून लिहिली, तर वाचकाला झोप लागायची नाही.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये घडणारे थरार पुष्कळ झाले, त्यांचे अनुवादही झाले. वाचनालयाच्या चालकांना माझी विनंती आहे की थरारकथा आणि कौटुंबिक कादंबऱ्या एकाच कपाटात लावा. आणि इथल्या लिहित्या मुलींनो, पुढच्या दिवाळी अंकासाठी त्या सहीची गोष्ट तुम्ही लिहा. आपल्या बोलीत लिहा, आणि सही का झाली ते शेवटच्या पानापर्यंत आम्हाला कळू देऊ नका.