आपले नाटक आपणच करावे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "नाटकात बोलता, मग इथे बोलायला काय झाले?" म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

यंदा अशी सूचना आली आहे की, तालमींची दगदग नको. वर्गणी काढून बाहेरची मंडळी बोलवावी आणि आपण निवांत बसून बघावे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगलाच आहे. घरचे आवरून तालमीला येणे सोपे नाही. तरी आपले नाटक बंद पडू नये, असे मला मनापासून वाटते.

विष्णुदास भाव्यांनी सांगलीस १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सीतेचे सोंगही पुरुषानेच घेतले होते. पुढे बालगंधर्वांची नेसण पाहून घरोघरच्या बायका तशी नेसू लागल्या, असे सांगतात. पण बाईने स्वतः रंगभूमीवर जाणे घरंदाज समजत नसत. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी काम केले, तेव्हा ती मोठी गोष्ट वाटली. आज आपल्या मंडळात धोतर नेसून, मिशा लावून आपणच मामंजी होतो! एवढ्या वर्षांनी मिळालेली जागा आपल्याच हाताने का सोडावी?

माझाच अनुभव सांगते. पहिल्या वर्षी मी तालमीला निघाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळच्या भाकऱ्या कोण करणार?" मी दुपारीच करून ठेवू लागले. प्रयोगाच्या दिवशी दिवे लागले आणि माझे शब्दच पळाले. पडद्याआडून वाक्य सांगत होत्या, पण कानांत काही शिरेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बोल की! घरी बरी बोलतेस!" सगळे हसले, मीही हसले, आणि वाक्य आठवले. आता तालमीची वेळ झाली की त्याच म्हणतात, "तू जा, भाकऱ्यांचे मी बघते."

पुढच्याच वर्षी मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलायला कोणी उठेना. मी उठले. पाय कापत होते, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला; तालमीत तेच तर शिकले होते. आठ दिवसांत कडी बसली. बाहेरची मंडळी कितीही चांगले नाटक करोत, हा आवाज त्यांच्याकडून विकत मिळत नाही.

दगदग कमी करता येईल. तीन अंकी नाटकाऐवजी एकांकिका घेऊ. लेखकाची परवानगी आधीच मागू. ज्यांना बोलायचा संकोच वाटतो, त्यांनी वाक्ये सांगावी, कपडे सांभाळावे, पडदा ओढावा. ज्यांची मुले लहान आहेत, त्यांची मुले तालमीपुरती आम्ही आळीपाळीने सांभाळू. आणि दर वर्षी एक तरी नवी भगिनी रंगमंचावर यावी, एवढी माझी विनंती आहे.