व्यक्ताव्यक्त
(मठाच्या वर्धापनदिनी झालेले प्रवचन)



बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबरच एक संस्कृत शिलालेखही आहे. फारुकी राजा आदिलशाह याच्या काळातील हा लेख शके १५११, विक्रम संवत १६४६, म्हणजे इ. स. १५९० च्या आरंभीचा होय. सृष्टिकर्त्याला नमन करून त्याचा प्रारंभ होतो. मंगलश्लोकात ईश्वराला आधी अव्यक्त व गुणातीत म्हटले असून शेवटी ‘व्यक्ताव्यक्त’ हे पद योजिले आहे. तापीतीरीच्या साधकाने विचार करावा असे हे पद आहे.

येथे शंका उपस्थित होते. जे प्रकट आहे ते अप्रकट कसे असेल? प्रकाश आणि अंधार एकाच ठायी नांदत नाहीत. परंतु विरोध खरा केव्हा ठरतो? एकाच वस्तूविषयी, एकाच काळी आणि एकाच दृष्टीने दोन उलट गोष्टी सांगितल्या तरच. दृष्टी निराळी झाली की विरोध मावळतो. म्हणूनच वेदांताने सत्तेचा विचार करताना व्यावहारिक आणि पारमार्थिक अशा पायऱ्या सांगितल्या.

याचा दृष्टांत या नगरीच्या भूमीखालीच आहे. जहांगीर बादशहाच्या कारकीर्दीत, इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांनी कुंडी भंडारा सिद्ध करविला. सातपुड्यात मुरून तापीकडे पाझरणारे पाणी जमिनीखालील बोगद्यात अडवून केवळ उताराच्या बळावर ते नगराकडे आणले. मार्गात शंभरावर कुंड्या आहेत. कुंडीत डोकावणाऱ्यास जल दिसते; दोन कुंड्यांच्या मध्ये ते दिसत नाही. पण प्रवाह कोठेही तुटलेला नाही. दिसणे आणि न दिसणे हा भेद पाहणाऱ्याच्या जागेमुळे झाला. जलात तो नाही.

यावर भाविक विचारील, “द्वैत असे मावळले तर वंदन कोणी कोणास करावे?” परंपरा सांगते की चांगदेवांपुढे हाच पेच पडला होता. ज्ञानदेवांना पत्र लिहावयाचे, तर मायना कोणता घालावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? निर्णय होईना, म्हणून त्यांनी कोराच कागद धाडला. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या, तीच चांगदेवपासष्टी. बऱ्हाणपूरवरून वाहत गेलेली तापी पुढे पूर्णेला भेटते, त्या संगमावर चांगदेवांचे स्थान आजही दाखवितात.

या कथेचे मर्म असे की लहानथोरपणाचा पेच मायना शोधून सुटला नाही. ज्या ‘मी-तूं’पणावर तो उभा होता, त्याचाच निरास झाल्यावर तो सुटला. तरीही पत्र लिहिणारा आणि वाचणारा हे दोघे राहिलेच. एक दुसऱ्यास बोध करतो, दुसरा तो घेतो. ऐक्य जाणल्याने प्रेमाचा व्यवहार बंद पडत नाही. त्यातील अहंकार तेवढा गळतो.

मात्र एका धोक्यापासून सावध राहिले पाहिजे. ‘सर्व मिथ्या आहे’ असे म्हणून शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविणे म्हणजे अद्वैत नव्हे. ती आळसाला दिलेली शास्त्राची झूल होय. ज्या पायरीवर स्वतःची भूक खरी वाटते, त्याच पायरीवर दुसऱ्याचीही खरीच असते. आपले ताट व्यावहारिक आणि दुसऱ्याची उपासमार मायिक, असा भेद कोणत्याही आचार्याने शिकविलेला नाही.

कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यांत चुन्याची पुटे साचतात आणि वाट अरुंद होते. वरच्या कुंडीपाशी पाणी भरलेले दिसते, पण खालच्या वस्तीस ते उणे पडते. जल एकच आहे, हे ज्याला खरोखर कळले, तो पुटे खरवडण्यास उतरतो. साधकाच्या अंतःकरणातही ‘माझे’पणाचे असेच पूट चढते. ते काढणे हीच साधना आणि ते निघाल्याची खूण म्हणजे करुणा.

व्यक्तात अव्यक्ताचे दर्शन घडो आणि त्या दर्शनाने व्यक्ताची सेवा घडो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.

इति शम्।